बाजारातील स्मरण आणि लेखन : तेरच्या पेठेपासून स्मृतिस्थ माहितीसंग्रहापर्यंत

संगणकशास्त्रात ज्याला ‘इन-मेमरी डेटाबेस’ म्हणतात, आणि प्रस्तुत विवेचनात ज्याला सोयीसाठी ‘स्मृतिस्थ माहितीसंग्रह’ म्हटले आहे, त्याचे व्यापारी लाभ सांगताना बहुधा एकाच गुणावर भर दिला जातो : तो म्हणजे वेग. माहिती चकतीवरून शोधून आणण्याऐवजी यंत्राच्या कार्यस्मृतीतच सदैव हजर ठेवली, तर उत्तर तत्काळ मिळते. आणि व्यापारात क्षणालाही मोल असते, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. व्यवहाराच्या कोणत्या टप्प्यावर हा वेग उपयोगी पडतो, आणि त्याचा लाभ कोणत्या पक्षाच्या पदरात पडतो, हे दोन प्रश्न त्यात विचारलेच जात नाहीत. हे प्रश्न यंत्राबरोबर जन्मास आलेले नाहीत. धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारी दप्तरात उस्मानाबाद या नावाने नोंदलेल्या प्रदेशाच्या, व्यापारी इतिहासात ते पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात. आणि मराठी भाषेच्या शब्दसंग्रहात त्यांच्या खुणा अद्याप शिल्लक आहेत.

या इतिहासाचा आरंभ तेरपासून करणे प्राप्त आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. तगरहून साधे कापड विपुल प्रमाणात, तसेच नाना प्रकारची मलमल, गाड्यांवर लादून भडोचला जात असे. हे तगर कोणते याविषयी पूर्वी बराच वाद झाला. दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी नावे सुचविली गेली. इ. स. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर हे निश्चित केले, आणि पुढील उत्खननांनी व तेथील वस्तुसंग्रहाने त्या निष्कर्षाला बळकटी दिली. शिलाहार राजे पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत राहिले, यावरून या पेठेची कीर्ती किती टिकली होती याची कल्पना येते.

तगर ते भडोच हे अंतर महिन्याभराचे. भडोचचा भाव तगरला कळेपर्यंत तो जुना झालेला असणार. अशा दूरच्या व्यापारात माहितीच्या वेगाला फारसा अर्थ नव्हता. अर्थ होता तो टिकाऊपणाला. कोणी कोणास किती देणे लागतो हे महिन्यांनंतर, वर्षांनंतर निर्विवाद सांगता आले पाहिजे. त्या काळी ही गरज कशी भागविली जात होती याचे उत्तम उदाहरण तेरला नव्हे, तर नाशिकच्या लेण्यांत मिळते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविल्याचेही लेखात सांगितले आहे. म्हणजे सभेपुढे उच्चार आणि फलकावर लेखन अशा दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या गेल्या होत्या.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्या लेखातील एक शब्द मात्र शिलालेखाइतकाच मोलाचा आहे. पाऊण टक्क्यासाठी तेथे ‘पायून’ हे रूप आले आहे. संस्कृत ‘पादोन’ आणि मराठी ‘पाऊण’ यांच्या मधली ही पायरी होय. जो शब्द आज धाराशिवच्या आडतीत किंवा तुळजापूरच्या पेठेत कोणीही सहज उच्चारतो, तो एकोणीसशे वर्षांपूर्वी व्याजाच्या दरासाठी वापरात होता.

मराठीतील अपूर्णांकवाचक शब्दांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘सव्वा’ हा ‘सपाद’पासून, ‘दीड’ हा ‘द्व्यर्ध’पासून, ‘अडीच’ हा ‘अर्धतृतीय’पासून आणि ‘औट’ हा ‘अर्धचतुर्थ’पासून प्राकृतमार्गे आला. मुळात या प्रत्येक संज्ञेत एक लहानसे गणित होते : तिसरा अर्धा म्हणजे अडीच, चौथा अर्धा म्हणजे साडेतीन. प्राकृतातून येताना ते गणित झिजून गेले आणि उरला एकजिनसी शब्द. बोलणाऱ्याला आता काही जोडावे वा वजा करावे लागत नाही. शब्द उच्चारताच संख्या समोर येते. व्याकरणात ज्याला ऱ्हास म्हणतात तो बाजारात सोयीचा ठरला, असे म्हणावयास हरकत नाही. यांपैकी ‘औट’ मात्र ‘साडेतीन’पुढे मागे पडला; आज तो ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारात आणि औटकी या पाढ्याच्या नावात तेवढा उरला आहे.

या शब्दांवरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही पाढ्यांची परंपरा उभी राहिली. पंतोजींच्या शाळेत आणि तिन्हीसांजेच्या परवच्यात हे पाढे तोंडपाठ करून घेतले जात. या शिक्षणपद्धतीची घोकंपट्टी म्हणून पुष्कळ हेटाळणी झाली आहे. पण ती ज्या कामासाठी होती ते काम हेटाळणी करणाऱ्यांनी क्वचितच पाहिले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चलन आणि माप दोन्ही दोनाच्या व चाराच्या पटीत चालत. अशा व्यवस्थेत पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे हा हिशेबाचा कणाच होय. साडेतीन रुपये मणाने तेरा मण माल घेतला तर साडेपंचेचाळीस रुपये झाले, हे काढावे लागत नसे. औटकीत ते तयारच असे.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. मूल पाढा शिकते तेव्हा त्याला आरंभापासून म्हणत जावे लागते. तेराव्या ओळीवर पोहोचण्यासाठी आधीच्या बारा ओळी ओलांडाव्या लागतात. मुरलेल्या मुनिमाचे तसे नसते. तो कोणत्याही ओळीवर एकदम उतरतो, आणि पहिल्या ओळीला जितका वेळ लागतो तितकाच तेराव्या ओळीलाही लागतो. संगणकाच्या कार्यस्मृतीला ‘रँडम ॲक्सेस’ हे जे विशेषण लावतात त्याचा अर्थ नेमका हाच आहे : कोणत्याही जागेवरची नोंद क्रमाची पर्वा न करता सारख्याच वेळात हाती यावी. शिवाय पाढ्याला लय असते आणि चुकीचा शब्द पडला तर लय अडखळते. पाठांतराच्या अंगी ही स्वतःची अशी तपासणीही होती.

निजामी अमलात या कौशल्याची आणखी एक कसोटी लागे. १८५३ ते १८६० ही ब्रिटिश कारभाराची थोडी वर्षे सोडली, तर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. शेजारची बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. संस्थानात हाली शिक्का, बार्शीत कलदार रुपया. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आला (लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते), तेव्हा धान्य, कापूस आणि गळिताचा माल त्या रेल्वेने सरहद्द ओलांडून जाऊ लागला, आणि प्रत्येक भाव दोन चलनांत बोलणे भाग पडले. शंभर कलदारांना सुमारे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असे प्रमाण रूढ होते. साडेपंचवीस कलदार म्हणजे किती हाली? रकमेचा सहावा हिस्सा सव्वाचार. तो मूळ रकमेत मिळवला की पावणेतीस. ज्याच्या ओठांवर हे उत्तर तयार असे तो दुसऱ्याने भाव बोलताच होकार किंवा नकार देऊ शके. ज्याला पाटीवर आकडे मांडावे लागत, त्याच्या हातून तोवर सौदा निघून गेलेला असे.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे लाभ कोणाला या प्रश्नाचे, उत्तर येथेच मिळू लागते. ही स्मृती सार्वजनिक नव्हती. ती आडत्याच्या आणि मुनिमाच्या डोक्यात होती. शेतकरी हिशेबाला अगदीच अनभिज्ञ होता असे मानण्याचे कारण नाही. पण तो वर्षातून एकदोनदा बाजारात येई आणि समोरचा रोज तेच करीत असे. भर म्हणून रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची हत्ता पद्धत होती. त्या करपल्लवीत झालेला भाव दोन माणसांच्या स्मृतीपलीकडे कोणालाही ठाऊक नसे. माल ज्याचा त्यालाही नाही. हैदराबाद संस्थानाचा १३३९ फसलीचा, म्हणजे इ. स. १९३० चा, बाजारविषयक कायदा आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार कायदा यांनी बाजार नियमनाखाली आणला, आणि उघड लिलाव ही त्या नियमनाची मुख्य खूण ठरली. वेगाला कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप गुप्ततेला होता.

स्मृतीच्या जोडीला लेखन असेच. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरत. मग त्यांची वाटणी खातेवार होऊन खतावणी तयार होई. ‘कीर्द’ हा शब्द फारसीतील ‘केलेले’ या अर्थाच्या शब्दाशी, आणि ‘खतावणी’तील ‘खत’ हा अरबीतील ‘लेखन’ या अर्थाच्या शब्दाशी संबद्ध आहे. सर्वांत बोलका शब्द ‘यादी’. फारसी ‘याद’ म्हणजे आठवण. मराठी दप्तरात मात्र याद व यादी म्हणजे कागदावरचे टिपण. आठवणीला मदत म्हणून लिहिलेल्या कागदानेच आठवणीचे नाव घेतले. स्मरण आणि लेखन या दोन परस्परविरोधी गोष्टी नव्हेत, हे भाषेला शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी कळले होते असे दिसते.

पण दोहोंचे काम मात्र भिन्न होते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. उठावकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या देहावर नव्हता, तो त्यांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळण्यात आले. सौदा जिंकला जातो तो डोक्यातल्या पाढ्यावर, पण देणे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते ते कागदावर, हा भेद त्या शेतकऱ्यांनी अचूक ओळखला होता. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैत मुंबईत दलालांची संघटना स्थापन होऊन आजच्या मुंबई शेअर बाजाराचा पाया घातला गेला.

पावकी-औटकीचा अंत फार थोड्या अवधीत झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली. हाली शिक्काही त्याच दशकात चलनातून गेला. ज्या मापांसाठी आणि ज्या चलनांसाठी हे पाठांतर होते ती मापे व ती चलने राहिली नाहीत. पाढे शाळेत आणखी काही काळ म्हटले गेले, पण बाजारात त्यांना विषय उरला नव्हता.

आता यंत्राकडे वळता येईल. संगणकात माहिती ठेवण्याच्या जागा स्थूलमानाने दोन : कार्यस्मृती आणि चकती. फिरत्या चकतीवरील एखादी नोंद शोधून आणण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. कार्यस्मृतीतील नोंद एका सेकंदाच्या कोट्यंशात हाती येते. हे अंतर सुमारे लाखपटीचे आहे. मग सर्वच माहिती स्मृतीत का ठेवली जात नव्हती? दोन कारणे होती. स्मृती महाग होती, आणि वीज गेली की तिच्यातील सर्व काही पुसले जाई. पहिले कारण हळूहळू दुबळे झाले. १९८४ मध्ये डेविट, स्टोनब्रेकर आदी संशोधकांनी संपूर्ण संग्रह कार्यस्मृतीत मावतो असे गृहीत धरले तर त्याची रचना कशी बदलेल याचा अभ्यास मांडला. १९८७ मध्ये जिम ग्रे आणि पुत्झोलू यांनी व्यवहारी माणसाला समजेल असा एक हिशेब दिला : तेव्हाच्या किमतींनुसार ज्या माहितीची गरज पाच मिनिटांतून एकदा तरी पडते ती स्मृतीत ठेवणे स्वस्त, ज्या माहितीची त्याहून विरळ पडते ती चकतीवर ठेवणे स्वस्त. या नियमाचे महत्त्व आकड्यात नाही, कारण किमतींबरोबर आकडा बदलतो. स्मृतीत काय ठेवावे हा प्रश्न प्रतिष्ठेचा नसून वापराच्या वारंवारतेचा आहे, हे त्याने स्पष्ट केले.

दुसऱ्या कारणावरचा उपाय पाहिला की मुनिमाची आठवण होते. स्मृतिस्थ संग्रहातही प्रत्येक बदल घडेल त्या क्रमाने चकतीवरील एका नोंदवहीत लिहिला जातो, आणि ठरावीक काळाने संपूर्ण स्मृतीची एक प्रत काढून ठेवली जाते. वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले की शेवटची प्रत वाचून त्यानंतरच्या नोंदी क्रमाने पुन्हा लागू केल्या जातात. ही नोंदवही म्हणजे कीर्दच होय. तिच्यात शोधाशोध करावी लागत नाही, फक्त शेवटी भर घालावी लागते. म्हणून संथ चकतीवरही ती त्वरेने लिहिता येते. वहीत शोधत बसण्याचे काम टळले आणि वहीत उतरविण्याचे तेवढे राहिले, हाच या रचनेतील मुख्य लाभ.

महाराष्ट्रात या रचनेचा मोठा व्यापारी उपयोग झाला तो मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथे समभागांचे व्यवहार सुरू झाले. तेथील ‘नीट’ या प्रणालीत सर्व व्यवहारविषयक माहिती मुख्य यंत्राच्या कार्यस्मृतीत ठेवण्याची योजना होती. त्यामागे हेतू दोन होते : उत्तर लवकर मिळावे आणि प्रणाली अखंड उपलब्ध असावी. जुन्या मुंबई शेअर बाजारात तोवर दलाल एकत्र जमून ओरडून भाव पुकारीत. सौदा दोघांच्या आठवणीत ठरे आणि टिपणवहीत मागाहून उतरे. नव्या प्रणालीत विक्रीच्या व खरेदीच्या सर्व मागण्या एका सामायिक स्मृतीत येत, आणि आधी किंमत, मग वेळ या क्रमाने त्यांची जुळणी होई. उपग्रहजोडणीमुळे दूरच्या शहरातील दलालालाही तेच मागणीपत्रक दिसू लागले. वर्षभरात नव्या बाजाराची उलाढाल जुन्याहून वरचढ झाली, आणि जुन्यालाही १९९५ मध्ये पुकारा सोडून पडद्याकडे वळावे लागले.

या यशाचे श्रेय केवळ वेगाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. ओरडून व्यवहार करणारा निष्णात दलाल काही संथ नव्हता. फरक पडला तो स्मृतीच्या मालकीत. जी माहिती पूर्वी काहींच्या डोक्यात होती ती आता सर्वांसमोर एकाच वेळी उघडी होती, आणि प्रत्येक सौद्याची वेळेसह नोंद मागे राहत होती. रुमालाखालच्या हातापासून उघड लिलावापर्यंत बाजार समित्यांनी जो पल्ला गाठण्याचा प्रयत्न केला तोच हा होता. मात्र २०१० च्या सुमारास आपली यंत्रे बाजाराच्या मुख्य यंत्राशेजारीच भाड्याच्या जागेत ठेवण्याची सोय दलालांना मिळाली, आणि लाभ पुन्हा जवळ असणाऱ्याकडे सरकू लागला. स्मृती सामायिक असली तरी तिच्यापर्यंतचे अंतर सर्वांना सारखे नसते.

२०१० नंतर आलेल्या ‘हाना’सारख्या संग्रहांनी आणखी एक लाभ पुढे आणला, आणि सामान्य व्यवसायाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. पूर्वी दिवसाचे व्यवहार एका संग्रहात होत आणि त्यांचे विश्लेषण करण्यासाठी ते रात्री दुसऱ्या संग्रहात नेले जात. व्यवस्थापकाला आजचे चित्र उद्या दिसे. हासो प्लाट्नर यांनी २००९ मध्ये असे प्रतिपादन केले की संग्रह स्मृतीत ठेवला आणि नोंदी ओळीने न ठेवता स्तंभाने ठेवल्या, म्हणजे सर्व भाव एकत्र, सर्व वजने एकत्र, तर व्यवहार आणि विश्लेषण एकाच ठिकाणी करता येतील. जुन्या भाषेत सांगावयाचे तर कीर्द लिहिली जात असतानाच खतावणी तयार असावी. मुनिमांचा रात्रीचा मोठा वेळ ज्या कामात जाई ते काम येथे मुळातूनच नाहीसे होते.

तथापि प्रत्येक धंद्याला हे आवश्यक आहे असे नाही. ढोकीच्या तेरणा साखर कारखान्यासारख्या संस्थेचे उदाहरण घेता येईल. उसाच्या नोंदी हंगामात एकदा होतात, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावयाचे असतात. ज्या हिशेबाची मुदत चौदा दिवसांची, त्याला लाखपट वेग देऊन सभासदाच्या हाती काही अधिक पडत नाही. तेथे हवी ती बिनचूक आणि टिकाऊ वही. वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते त्या घटकेपुरती मात्र काट्याची नोंद तत्काळ होणे सर्वांच्या हिताचे असते. तेवढाच भाग स्मृतीत ठेवण्याजोगा. ग्रे-पुत्झोलूंचा हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडतो.

सोयाबीन आणि हरभरा ही आज जिल्ह्यातील प्रमुख नगदी पिके. त्यांचे वायदे मुंबईत २००३ मध्ये स्थापन झालेल्या एनसीडीईएक्स या वायदेबाजारात चालत. २०२१ मध्ये, हरभऱ्याचे ऑगस्टमध्ये आणि सोयाबीनचे डिसेंबरमध्ये, ते थांबविण्यात आले. वायदे चालू असताना क्षणोक्षणीचा भाव मोबाइलवर दिसे. आडतीतील लिलाव मात्र त्या दिवसाच्या आवकेवर आणि मालातील ओलाव्यावर ठरे. लिलावात आजही तोंडी बोली असते आणि त्यानंतर वजनाची व हिशेबाची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. पट्टीवर किलो आणि क्विंटल असतात. बोलण्यात मात्र पावणेपाच हजार, सव्वापाच हजार असेच ऐकू येते.